अळणी पानगे

हुरड्याचे दिवस आले की सगळी दुनिया खूश होते आणि माझं डोकं फिरतं. नातू गावाकडून येताना पिशवीभर कणसं आणतो, गॅसवर भाजतो आणि विचारतो, आजी, गावाकडची चव आली का? गॅसवरच्या हुरड्याला कसली आलीय चव! पण मी मान हलवते. खरं सांगायचं तर त्या वासानं आधी माझे डोळे चुरचुरायला लागतात, मग डाव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा जुना वण ओढतो, आणि मग एक कुत्री येऊन समोर बसते. राखी अंगाची, लांब तोंडाची, बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी सडपातळ. मागत काही नाही. नुसती बघत बसते. इतकी वर्षं झाली, अजून हिला माझ्याकडून काय पाहिजे आहे कोण जाणे.

यंदा तर कहर झाला. मी हिवाळ्यात नांदेडला नातवाकडे राहते. नातसून केतकी गुणी आहे, पण तिला कुत्र्याचं वेड आहे. ब्रूनो नावाचं गुबगुबीत जनावर घरात माणसापेक्षा जास्त जागा अडवून बसतं. त्याला दुकानातली बिस्किटं बाधली म्हणून ही आता घरीच त्याचा खाऊ भाजते. तराजूवर पीठ मोजते, गाजर किसते, केळं कुस्करते आणि ओव्हनच्या काचेशी उकिडवी बसून राहते. तो ब्रूनोही तिच्या शेजारी बसून काचेत बघतो. परवा ती सहज म्हणाली, आजी, तुमच्या वेळी कुत्र्यांना काय घालायचे हो? मी तोंड उघडायच्या आत नातू म्हणाला, शिळी भाकर, दुसरं काय! दोघं हसली. मला असा राग आला की मी हुरड्याची ताटली बाजूला सारली.

शिळी भाकर म्हणे. अरे, त्या सुगीत शिळी भाकर मी खात होते, आणि ताजे भाजलेले पानगे कुत्री खात होती.

माझं माहेर साखऱ्याचं. कोरडवाहू शेती, पोटापुरतं पिकायचं. लग्न होऊन आले ती कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडे जाणाऱ्या वाटेवरच्या गावात. काळी जमीन, पुरुषभर उंचीची ज्वारी, आणि त्या ज्वारीवर टपलेली रानडुकरं. निजामाचं राज्य अजून होतं, ते जायला दोन-तीन वर्षं अवकाश होता. पण आमच्या घरात राज्य दोघांचं होतं, मामंजींचं आणि आत्याबाईंचं. म्हणजे माझ्या सासऱ्यांचं आणि सासूबाईंचं. गंमत अशी की ही दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत. भांडण नव्हतं, पण समोरासमोर बोलायची रीतच नव्हती. मामंजी भिंतीला सांगायचे, आत्याबाई चुलीला सांगायच्या, आणि मधल्यामध्ये कामं मला लागायची.

आधीच्या वर्षी डुकरांनी निम्मं वावर लोळवलं होतं. म्हणून मामंजींनी माळापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून कुत्री आणायचं ठरवलं. तांड्यावरच्या कुत्र्यांचं मोठं नाव होतं. पूर्वी बैलांचे तांडे लांबलांब जायचे तेव्हापासून राखणीला तयार झालेली ती जात. पण तांड्यावरची माणसं कुत्रं विकत नसत. द्यायची तर लेक द्यावी तशी द्यायची, अटी सांगून. भुरी नावाच्या कुत्रीला घेऊन आली ती सोमलीयाडी. तिकडं आईला याडी म्हणतात. ही सगळ्या तांड्याचीच आई असल्यासारखी वागायची. हातभर बांगड्या, खणखणीत आवाज. ती मामंजींशी बोललीच नाही. सरळ चुलीपाशी येऊन माझ्यापुढं बसली. तिला बरोबर कळलं होतं की ह्या घरात शेवटी करणारी कोण आहे.

"मीठ न्हाई, मिरची न्हाई, शिळं न्हाई," ती म्हणाली. "रोज ताजं भाजून, थंड करून घालायचं. अन् माघारी आली तर म्या पुन्यांदा देनार न्हाई. उपाशी आलेल्या लेकीला कुनी सासरी धाडतं काय?"

आमच्यात तर धाडतात बाई, मी मनात म्हटलं. दिवाळीला माहेरी गेले होते तेव्हा बापानं आठव्या दिवशी गाडी जुंपली होती.

मग तिनं पानगे करून दाखवले. ज्वारीची जाडसर भरड, शिजवून ठेचलेले हुलगे, वर मूठभर कुटलेला जवस. कोमट पाण्यात घट्ट मळायचं, पळसाच्या पानावर थापायचं, वरून दुसरं पान घालायचं आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात सारायचं. पान काळं होऊन गळून पडलं की उलटायचं. दगडावर टाकला तर टणक आवाज आला पाहिजे, म्हणजे कुत्र्याच्या दातांना काम मिळतं. हे सगळं रोज, भर दुपारी, बांधावर. का, तर मामंजींचं म्हणणं, जिथं राखण तिथंच खाणं. म्हणजे मी डोक्यावर गड्यांच्या भाकरी, काखेत भरड, हातात हुलग्यांचं गाडगं घेऊन वावरात जायची. गडी थंडगार भाकर खात बसायचे आणि मी त्यांच्यासमोर धुरात डोळे पुसत कुत्रीचा सैपाक करायची. ते हसायचे. आमचे घरधनीही त्यांच्यात हसायचे. म्हणायचे, आमाला बी घाल की एखादा. माझा अंगठा भाजला त्या दिवशी तर मी निखाऱ्यासकट सगळं त्यांच्या अंगावर भिरकावणार होते. नवी नवरी होते म्हणून राहिलं.

मामंजी पानगा हातात घ्यायचे, बोटानं ठोकायचे, मोडून वास घ्यायचे. करपला तर भिंतीऐवजी बाभळीला सांगायचे की पोरीचं ध्यान कुठं असतं. पण जिभेला कधी लावला नाही. कुत्रीचं खाणं माणूस कशाला चाखेल? त्या न चाखण्यानंच सगळा घोळ केला.

घोळ सुरू झाला तो आत्याबाईंपासून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी भरड बांधून घेत होते. आत्याबाईंनी मिठाच्या मडक्यात हात घातला आणि मूठभर मीठ खलबत्त्यात कुटून भरडीत टाकलं. मी म्हटलं, याडी नको म्हणाली होती. त्या पहिल्यांदा माझ्याकडं वळून बोलल्या. "आपलं मीठ खाल्ल्याबिगर ती ह्या घरची कशी व्हईल? अळनी खाऊन अंग धरन ती, इमान कशाला धरन?"

मीही त्याच समजुतीत वाढलेली. आमच्याकडं गडी कामावर ठेवला की आधी त्याला मीठभाकर देतात. नवी नवरी आली की तिला पहिल्यांदा मिठाला हात लावायला लावतात. माझाही लावला होता. परक्या दारातून आलेल्या जीवाला बांधून घ्यायचं तर मिठानंच, दुसरा दोर आमच्याजवळ नव्हता. आत्याबाईंना कुत्रीचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना ती आपली करून घ्यायची होती. हे मला आज समजतं. तेव्हा फक्त इतकं समजलं की दोन धनिणींच्या मधे मी सापडले आहे, आणि जवळची धनीण आत्याबाई आहे.

भुरीला खारे पानगे आवडले. का नाही आवडणार? अळणी ती इकडंतिकडं बघत सावकाश खायची, खारे मटामटा खायला लागली. आत्याबाई बांधावर आल्या की तिचं ताट बघून समाधानानं पदर सावरायच्या. मग ती पाणी प्यायला लागली. वावरातली विहीर खोल, आणि तिच्यासाठी पाण्याचं भांडं ठेवावं हे इतक्या शहाण्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. ती ओढ्यावर जायची. आधी दिवसातून एकदा, मग तीनदा. धुणं धुवायला गेले की ती तिथं दिसायची, पुढचे पाय पाण्यात घालून लपालपा पीत असलेली. पाठीवरचे केस झडायला लागले. खाजवून खाजवून कमरेवर लाल चट्टा पडला. मी आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पाणी पितीय तर पिऊ दे, तब्येत धरतीय. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मीठ घातलं.

ह्या इथं मला माझाच राग येतो. केतकी ओव्हनपाशी बसून दर दोन मिनिटांनी विचारते, आजी, जास्त भाजलं का? आजी, केळं चालेल ना? मला वाटतं, विचारतेय बिचारी. मी का नाही कुणाला विचारलं? तांडा तर डोळ्यांसमोर होता. सरपणाला जाणाऱ्या बायांना नुसता निरोप दिला असता तरी चाललं असतं. पण मला वाटायचं, जो तो आपलं बघून घेईल. मी कुणाची कोण? मीठ आत्याबाईंचं, कुत्री मामंजींची, मी फक्त थापणारी. फार सोयीचं असतं असं स्वतःला फक्त थापणारी म्हणवून घेणं.

ज्वारीचा दाणा भरत आला होता. थंडी अशी की पहाटे पातीवरचं दव हाताला टोचायचं. एका पहाटे, उजाडायच्या जरा आधी, भुरी ओढ्यावर गेली आणि डुकरं वावरात शिरली. मामंजी राखणीच्या उंच माळ्यावरून ओरडत खाली येईपर्यंत ओढ्याकडचा पट्टा भुईसपाट झाला होता. उजाडल्यावर भुरी ओल्या पायांनी परत आली तेव्हा मामंजी त्या लोळवलेल्या ज्वारीच्या ताटांत उभे होते. त्यांनी हातातली काठी मारली. एकदाच, पण मागच्या पायावर बसली. ती केकाटली नाही. लंगडत बांधापर्यंत गेली, मागं वळून बघितलं आणि माळाच्या दिशेनं निघून गेली.

"नमकहराम," मामंजी म्हणाले. मी त्यांची न्याहारी घेऊन नुकतीच बांधावर पोचले होते. नमक काय, पोतंभर खाल्लं होतं तिनं.

काढणीला अजून वीस-बावीस दिवस होते. रोज डुकरं आली असती तर पदरात कडबाही पडला नसता. मामंजी स्वतः तांड्यावर जायला तयार नव्हते, मारलं होतं ना. त्यांनी भिंतीला सांगितलं की ती पोरीच्या हातचं खाते, पोरीनंच आणावी. मग मी सकाळीच पानगे भाजले, तीन फडक्यात बांधले आणि सरपणाच्या बायांबरोबर माळ चढले.

भुरी सोमलीयाडीच्या बाजेखाली पडली होती. पाठीवर करंजाचं तेल चोपडलेलं, पायाला चिंधी. मला बघून ती उठली आणि लंगडत माझ्याजवळ आली. मला वाटलं होतं गुरगुरेल. ती माझा हात चाटायला लागली. बोटं, तळवा, अंगठ्याचा वण, सगळं चाटून काढलं. मी फडकं सोडलं. याडीनं तिच्या आधी हात पुढं केला, एक पानगा मोडला आणि तुकडा जिभेवर ठेवला. त्या अख्ख्या सुगीत पानगा चाखणारं पहिलं माणूस ते. तिनं तुकडा थुंकून टाकला.

"मीठ कुनी घातलं?"

त्या दिवशी सकाळी आत्याबाई घरात नव्हत्या. बाळापूरला कुणाच्या तरी बारशाला गेल्या होत्या. भरड मी मळली होती आणि मीठ माझ्या हातानं, सवयीनं, कुणीही न सांगता पडलं होतं. हे मला चांगलं ठाऊक होतं.

"आत्याबाईनं," मी म्हटलं.

याडीनं भुरीच्या कमरेवरचा चट्टा बोटानं दाखवला. "सासूला न्हाई कळलं, म्हन," ती म्हणाली. "तू तर रोज बघून राहिली व्हतीस न्हवं?"

कुत्री मिळणार नाही हे तिनं वेगळं सांगितलं नाही. पानगे मात्र फडक्यात बांधून परत दिले, अन्न टाकू नये म्हणून. येताना सगळा माळ मी रडत उतरले, आणि रडण्यात निम्मा राग होता. आत्याबाईंवर, मामंजींवर, हसणाऱ्या नवऱ्यावर, त्या कुत्रीवर की हिनं हात का चाटला. माझ्यावर तेवढा आणायचा राहून गेला.

संध्याकाळी मामंजी जेवायला बसले. मी सांगितलं की याडी देत नाही. का देत नाही हे सांगितलं नाही. मामंजी घास घेता घेता म्हणाले की ती जातच नमकहराम, आपल्या घरचं खाऊन उलटली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. त्या चुलीकडं न बघता सरळ मामंजींकडं बघून बोलल्या. माझ्यादेखत पहिल्यांदाच.

"तिला नमकहराम म्हनू नका. मीठ म्या घालायला लावलं. पोरीची काई चूक न्हाई."

तव्यावरची भाकर करपायला लागली तरी कुणी हललं नाही. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. मला वाटलं, आता मी बोलावं, की आज सकाळचं मीठ माझं होतं, आणि मी तुमचं नाव तांड्यावर सांगून आले. मी वाकून करपलेली भाकर तेवढी उतरवली. मामंजी उठले, चूळ भरली आणि कांबळं घेऊन माळ्यावर निघून गेले.

ती राखण मग आम्हीच केली. मामंजी डबा बडवत माळ्यावर, दिवसा मी आणि आत्याबाई गोफण घेऊन बांधावर. हात खांद्यापासून उखडले. एक तुकडा गेला, बाकी ज्वारी वाचली. आणि एक विचित्र गोष्ट सुरू झाली. मामंजींनी बाभळीला सांगितलं की पानगे रोज भाजायचे. कुत्री नाही, तरी पानगे. मी भाजायची, आणि ते आता दरेक पानग्याचा तुकडा मोडून आधी आपल्या तोंडात टाकायचे. अळणी आहे ना बघायचे, चेहरा वाकडा करायचे आणि उरलेला बांधावर पळसाच्या पानात ठेवायचे. कावळे खायचे. असे किती पानगे कावळ्यांनी खाल्ले असतील! गोवऱ्या माझ्या, डोळे माझे, आणि जेवण कावळ्यांचं.

काढणीच्या पहिल्या दिवशी भर दुपारी भुरी आली. पाठीवर बारीक नवे केस. पानातला पानगा खाल्ला, कडबा हुंगला, माझ्याजवळ जरा वेळ बसली आणि ऊन कलायच्या आत तांड्याकडं निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. खळं होईपर्यंत रोज. खाती आपलं अन् राखती त्यांचं, मामंजी पुटपुटायचे, पण विहिरीचं पाणी शेंदून तिच्यासाठी मातीच्या परळात ओतायचे ते स्वतः. पुढच्या दोन सुगींतही ती आली. तिसऱ्या सुगीत नाही आली.

पण मला टोचतं ते वेगळंच. खळं चालू असतानाच बाळापूरच्या बाजारात आम्हाला सोमलीयाडी भेटली. आत्याबाईंना बघून ती थांबली आणि तोंडावर म्हणाली की तुझी सून सांगत होती, त्या दिवशीचं मीठ बी तूच घातलंस. मी शेजारी टोपली धरून उभी. पायाखालची जमीन फाटेल तर बरं, असं झालं. आत्याबाईंना माहीत होतं त्या दिवशी आपण कुठं होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्याच."

घरापर्यंतची सगळी वाट आम्ही दोघी चालत आलो. मी वाट बघत होते, आता बोलतील, आता शिव्या देतील. वेशीपाशी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, कुत्रीसाठी हुलगे घ्यायचे राहिले. पुढं पंचवीस वर्षं त्या होत्या. मी त्यांचं दुखणं काढलं, त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं. पण ती एक गोष्ट मी बोलले नाही, आणि त्यांनी मला बोलायची वेळ आणली नाही. एकदा चांगल्या कडाडून भांडल्या असत्या तर मी सुटले असते. तेवढीही दया केली नाही बाईनं.

तर परवा, राग ओसरल्यावर, मी केतकीला म्हटलं, ते गाजर-केळं ठेव बाजूला, हुलगे आण. तिनं बाजारातून हुलगे आणले, जवस आणला. पळसाची पानं नांदेडात कुठं शोधणार, म्हणून तसेच ओव्हनमध्ये घातले. दगडावर टाकून बघितला, आवाज बरा आला. मी एक तुकडा मोडून आधी आपल्या तोंडात टाकला. नातू म्हणाला, आजी, अगं ते ब्रूनोचं आहे! मी म्हटलं, म्हणूनच. ब्रूनोनं सहा पानगे खाल्ले आणि माझा हात चाटायला आला. मी हात काढून घेतला नाही.

केतकी आपल्या वहीत कृती लिहून घेत होती. प्रमाण विचारलं, वेळ विचारली. वर नाव काय लिहू, म्हणाली, आजीचे पानगे?

मी म्हटलं, नको. पानगे तांड्यावरच्या सोमलीयाडीचे, असं लिही.

तिनं लिहिलं. मग सवयीनं विचारलं, आणि मीठ, आजी? यात मीठ घालायचंच नाही ना?

"नाही घालायचं," मी म्हटलं. "पण खाली लिहून ठेव. एकदा घातलं होतं, ते मी घातलं होतं. सासूबाईंनी नाही."

तिनं पेन थांबवून माझ्याकडं बघितलं. तिला काही कळलं नाही. पण मुलगी गुणी आहे. सांगितलं तसं लिहिलं.